आधी तपासणी, विम्याचं मग

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या आपल्या घरांत दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईबाबा आलेले असतात. एखाद्या रात्री दोन वाजता बाबा पलंगावर उठून बसतात. छातीवर हात, कपाळावर घाम, आणि म्हणतात, "काही नाही रे, गॅसेस झाले असतील." अशा वेळी मुलगा फोनवर प्रवासी विम्याची कागदपत्रं चाळत बसतो. जुना आजार यात धरलाय का? इमर्जन्सी रूमचं बिल किती येईल? या शोधाशोधीत जाणारी वीस मिनिटं मला फार खुपतात. म्हणून आज एका कायद्याबद्दल बोलणार आहे.

त्याचं नाव इमर्जन्सी मेडिकल ट्रीटमेंट अँड लेबर ॲक्ट. सगळे त्याला 'एमटाला' म्हणतात. यातलं लेबर म्हणजे कामगार नव्हेत, बाळंतकळा. कायदा १९८६ सालचा. त्याआधी विमा नसलेल्या पेशंटला गाडीत घालून सरकारी रुग्णालयाकडे धाडून देण्याची पद्धतच पडली होती. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी असे ४६७ पेशंट नोंदवले. त्यांतल्या ८७ टक्के लोकांना पाठवण्यामागचं कारण पुरेसा विमा नाही, एवढंच होतं. जवळजवळ दर चौघांतल्या एकाची प्रकृती स्थिर नसताना त्याला हलवलं होतं. लेखी संमती घेतली होती फक्त ६ टक्क्यांची.

आता मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या सरकारी विम्याचे, पैसे घेणाऱ्या आणि इमर्जन्सी विभाग असलेल्या प्रत्येक रुग्णालयाला, म्हणजे जवळपास सगळ्यांनाच, हा कायदा लागू आहे. दारात आलेल्या माणसाला तपासायचं. तातडीचा आजार निघाला, तर प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करायचे. विमा, व्हिसा, नागरिकत्व यांवर हे अवलंबून नाही. चाकाच्या टेबलावर कॉम्प्युटर घेऊन बाई येतात आणि विम्याचं कार्ड मागतात, तेव्हा आपली माणसं दचकतात. त्यांनी विचारायला हरकत नाही, पण त्यापायी तपासणी थांबता कामा नये.

एक गोष्ट नीट ऐका. दारातली नर्स रक्तदाब बघते, दुखणं दहापैकी किती ते विचारते, ते ट्रायाज. आधी कुणाला घ्यायचं एवढंच त्यातून ठरतं. कायद्याला हवी असलेली तपासणी ती नव्हे. ती पुढे होते, आणि गरज असेल तर त्यात ईसीजी, रक्ताच्या चाचण्या, स्कॅन सगळं येतं. त्यामुळे ट्रायाज झालं, बराच वेळ कुणी बोलावलं नाही, म्हणून कंटाळून घरी निघू नका. नर्सला सांगा, त्रास वाढला असेल तर पुन्हा पुन्हा सांगा.

सोय नसेल तर रुग्णालय पेशंटला दुसरीकडे हलवू शकतं. मात्र हलवण्यात धोक्यापेक्षा फायदा जास्त आहे असं डॉक्टरने लिहून द्यावं लागतं, तिथे जागा आहे हे आधी विचारावं लागतं, आणि कागदपत्रं सोबत पाठवावी लागतात. जळिताचा किंवा नवजात बाळांचा खास विभाग असलेल्या रुग्णालयाला, जागा असताना, असा पेशंट नाकारता येत नाही. बाईला कळा सुरू असतील आणि सुखरूप हलवण्याइतका वेळ नसेल, तर बाळ होऊन वार पडेपर्यंत जबाबदारी त्याच रुग्णालयाची.

नियम मोडला तर मोठ्या रुग्णालयाला एकेका प्रकरणात लाख डॉलरच्या वर दंड होऊ शकतो, मेडिकेअरचा करारही जाऊ शकतो. तुमचे हक्क सांगणारी पाटी इमर्जन्सी विभागात लावणं सक्तीचं आहे, ती शोधून वाचा.

उपचार फुकट मात्र नसतात. बिल घरी येतं, आणि ते मोठं असतं. पण त्यावर बोलता येतं, हप्ते मागता येतात, आर्थिक मदतीचा अर्ज मागता येतो. तो विषय दुसऱ्या दिवशीचा. रात्री दोन वाजता ९११ फिरवा. बाबांना इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि निघताना त्यांच्या गोळ्यांची पिशवी तेवढी सोबत घ्या.