चौथं चाक बोलत नाही

तुर्भे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचं टायरचं दुकान. सकाळचे साडेआठ. कोपरखैरण्याहून आलेल्या ताई गाडीतून उतरता उतरताच सांगतात, "दादा, आठवड्यात तीनदा हवा मारली, तरी पिवळा दिवा जात नाही. शनिवारी साताऱ्याला निघायचंय."

दादा हवेची नळी उचलत नाहीत. "गाडी बंद करा. आता परत चालू करा, आणि नुसतं दिव्याकडे बघा."

नालेसारखी आकृती, मधोमध उद्गारचिन्ह. दिवा लुकलुकतो. मिनिटभर लुकलुकतच राहतो, आणि मग पेटलेला राहतो.

अर्धं निदान इथेच झालं. दिवा पहिल्यापासून स्थिर असेल, तर हवा कमी. आधी लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांमध्ये दुखणं टीपीएमएसचं, म्हणजे हवेचा दाब सांगणाऱ्या यंत्रणेचंच. आपण मात्र दोन्हींना एकच औषध देतो. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर हवेचा दाब 33 पीएसआय हवा असं सांगतंय, आणि दादांच्या मापकावर चारही थंड टायर 38 दाखवतायत. जास्त हवेचा टायर मधोमध झिजतो, रस्त्यावरची पकडही कमी होते.

काही गाड्यांच्या चाकांत सेन्सर नसतोच. हवा कमी झालेलं चाक किंचित जास्त वेगाने फिरतं, आणि एबीएसवरून, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवरून, गाडी ते ओळखते. तिथे हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं. या गाडीत मात्र प्रत्येक व्हॉल्व्हच्या मागे सेन्सर आहे.

दादा मोबाइलएवढं यंत्र व्हॉल्व्हजवळ धरतात. यंत्र 125 किलोहर्ट्झवर हाक मारतं, सेन्सर 433 मेगाहर्ट्झवर ओ देतो. पुढचं डावं चाक: दाब, तापमान, सेन्सरचा क्रमांक. पुढचं उजवं, तेही बोललं. मागचं उजवं, बोललं. मागचं डावं... काही नाही. गाडी हातभर पुढे ढकलून पुन्हा. काहीच नाही.

चारही गप्प असते, तर दादांनी आधी आपलं यंत्रच तपासलं असतं. चारही बोलले असते आणि दिवा तरी लुकलुकला असता, तर गाडीतला रिसीव्हर, फ्यूज, नाहीतर सेन्सरच्या संदेशात अडथळा आणणारा, लायटरच्या सॉकेटमधला स्वस्तातला चार्जर पाहिला असता. एकच गप्प आहे, म्हणजे त्याच चाकात शिरायचं. इथे स्टेपनी चढवलेली असती, तर तिच्यात सेन्सर आहे का हे आधी विचारावं लागलं असतं.

टायर उतरवताना तो रिमवरून सोडवायची पट्टी व्हॉल्व्हपासून लांब लावायची. तिथेच घाई झाली की चांगला सेन्सर मोडतो. हा अखंड निघाला, पण आठ वर्षांचा आहे. आतली लिथियमची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते, आणि ती राळेत पक्की बसवलेली असल्यामुळे सेन्सर पूर्णच बदलावा लागतो. व्हॉल्व्हवर बोट फिरवलं की पांढरी भुकटी निघते. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये कुणीतरी साधी पितळी पिन बसवली होती. दमट, खाऱ्या हवेत हे दोन धातू एकत्र टिकत नाहीत. इथे निकेलचा मुलामा दिलेलीच पिन हवी.

सेन्सर मेला तरी गाडी थांबत नाही. म्हणूनच आपण त्या दिव्याला सरावतो, आणि एक्सप्रेसवेवर खरोखर हवा उतरू लागते तेव्हा सांगायला कुणी उरत नाही. 2020 पासून टीपीएमएस, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्ती किट असलेल्या गाड्या आपल्याकडे स्टेपनीशिवायही विकता येतात. त्या गाड्यांत तर या दिव्याकडे काणाडोळा नकोच.

नवा सेन्सर बसला. त्याचा क्रमांक गाडीला शिकवला, चाकाचं बॅलन्सिंग झालं, चारही टायरांची हवा 33 वर आणली. रबाळ्यापर्यंत जाऊन परत. वाटेतच दिवा विझला. दादा पुन्हा यंत्र लावतात. मागचं डावं चाक: 35. चाकं तापली, म्हणून दोन पीएसआय वाढले.