दाढेचं दरपत्रक: अमेरिकेतले डेंटल डिस्काउंट प्लॅन

[दृश्य: एडिसन, न्यू जर्सी. दवाखान्याचा फ्रंट डेस्क. काउंटरवर छापलेलं इस्टिमेट, नावाची जागा झाकलेली.]

हा कागद नीट बघा. पुढची सगळी गोष्ट याच्यावर आहे.

खालच्या डाव्या जबड्यातली पहिली मोठी दाढ. इथे तिला 19 नंबर म्हणतात. पुण्याच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये हीच दाढ 36 असते, त्यामुळे भारतातले जुने एक्स-रे घेऊन येणाऱ्यांनी आकड्याला घाबरू नये. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली आहे. कागदावर तीन ओळी आहेत. डी3330, म्हणजे दाढेचं रूट कॅनाल: 1400 डॉलर. डी2950, म्हणजे कॅपला आधार मिळावा म्हणून पोकळ झालेली दाढ भरून उभी करणं, इथल्या भाषेत बिल्डअप: 320. आणि डी2740, सिरॅमिकची कॅप: 1500. बेरीज 3220 डॉलर. आकडे नमुन्याचे आहेत, गाव बदललं की बदलतात. कोड मात्र बदलत नाहीत. ते अमेरिकन डेंटल असोसिएशन ठरवते, दर 1 जानेवारीला नवी आवृत्ती लागू होते, आणि एडिसनपासून अलास्कापर्यंत डी3330 म्हणजे तेच काम. भाव तेवढा ज्याचा त्याचा.

[दृश्य: त्याच कागदाच्या शेजारी दुसरा कागद. बोट ओळीओळीवरून फिरतं.]

आता शेजारचा कागद. दाढ तीच, डॉक्टर तेच, खुर्चीही तीच. 870, 200, 930. बेरीज 2000.

मधले 1220 डॉलर कुणी भरले? कुणीच नाही. डिस्काउंट प्लॅन डॉक्टरांना एक सेंटही देत नाही. डॉक्टरांनी एका नेटवर्कशी करार केलेला असतो: तुमच्या सभासदांना आम्ही या कोडला एवढेच पैसे लावू. त्या यादीला फी शेड्युल म्हणतात. सभासद वर्षाची फी भरतो, एका माणसाला साधारण 100 ते 200 डॉलर, कुटुंबाला थोडी जास्त. दवाखान्यात कार्ड दाखवतो, आणि यादीतला दर त्याच दिवशी स्वतःच्या खिशातून देतो. क्लेम नाही, डिडक्टिबल (विमा पैसे देण्याआधी आपण भरायची रक्कम) नाही, वर्षाची मर्यादा नाही. कॉस्टको या फक्त सभासदांना विकणाऱ्या दुकानाचं कार्ड काढल्यासारखंच आहे: कार्डामुळे भाव मिळतो, सामानाचे पैसे तुमचेच.

डॉक्टरांना यात काय मिळतं, हे विचारायलाच हवं. रिकामी खुर्ची भरते. पैसे काउंटरवर, त्याच दिवशी. विमा कंपनीला एक्स-रे पाठवा, नकार आला की पुन्हा पाठवा, मग चेकची वाट बघा, हे काही नाही. क्लेमच्या मागे लागायला दवाखाने वेगळा माणूस पगारावर ठेवतात. तो खर्च इथे पडत नाही.

[दृश्य: कार्डाचा क्लोजअप. पुढची बाजू, मग मागची.]

कार्डाची पुढची बाजू विकणाऱ्याची. तिच्यावरचं नाव फ्रंट डेस्कवरच्या माणसाला बहुधा माहीतही नसतं. उलटं करा. मागे बारीक अक्षरात नेटवर्कचं नाव असतं: केरिंग्टन, एटना डेंटल अ‍ॅक्सेस, असं काहीतरी. एकच नेटवर्क चार ब्रँडखाली, चार किमतींना विकलं जातं. त्यामुळे फोनवर नाव सांगायचं ते मागचं. त्यातही एक खड्डा आहे. ‘एटना घेता का?’ असं विचारलं तर ‘हो’ येतं, पण ते हो एटनाच्या विम्याला असतं. डेंटल अ‍ॅक्सेस हे वेगळं, सवलतीचं नेटवर्क. पूर्ण नाव घ्या.

आणि ही ओळ: ‘हा प्लॅन विमा नाही.’ ही ओळ कंपनीने प्रामाणिकपणाच्या उमाळ्याने छापलेली नाही. असे प्लॅन विम्याच्या नावाखाली खपवले जायला लागले, तेव्हा राज्यांनी कायदे केले. फ्लोरिडाचा कायदा 2004 चा.

[दृश्य: पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदराची जुनी कृष्णधवल छायाचित्रं. गोदी कामगार, पोती, क्रेन.]

दातांचा विमा मुळात इथून आला. 1954 साली वॉशिंग्टन, ऑरेगन आणि कॅलिफोर्नियातल्या गोदी कामगारांच्या युनियनने आपल्या मुलांच्या दातांसाठी सोय मागितली. युनियन आणि मालक यांच्या निधीतून ती झाली, आणि ती चालवायला दंतवैद्यांनी राज्याराज्यांत संस्था काढल्या. तो साचा पुढे देशभर पसरला: तपासणी आणि सफाईचे 100 टक्के, दात भरण्याचे 80 टक्के, कॅपसारख्या मोठ्या कामाचे 50 टक्के. वर एक झाकण, वर्षाची कमाल रक्कम. 1970 च्या दशकात 1000 डॉलर ही मर्यादा सर्रास होती. आज सहसा 1000, 1500 किंवा 2000. मधल्या पन्नास वर्षांत कॅपची किंमत कुठल्या कुठे गेली, झाकण जवळजवळ जागेवरच. घराला आग लागली तर विमा घराएवढे पैसे देतो. दातांच्या विम्यात आग मोठी असेल तर तो पहिल्या खोलीपाशीच थांबतो.

1965 साली म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा आला, पण दातांची नेहमीची कामं त्यातून वगळली गेली. नोकरीतून मिळालेला दातांचा विमा निवृत्तीबरोबर संपतो, आणि मेडिकेअर त्याची जागा घेत नाही.

[दृश्य: स्पीकरवर फोन, दवाखान्याशी बोलणाऱ्या एक पेशंट बाई. वहीत कोड लिहिलेले. पेनची टिकटिक.]

हा फोन प्लॅन विकत घेण्याआधी करायचा आहे. वेबसाइटवरची डॉक्टरांची यादी शिळी असू शकते. डॉक्टर नेटवर्क सोडतात, नाव राहून जातं. पत्ता आणि डॉक्टरांचं नाव, दोन्ही विचारा, कारण एकाच दवाखान्यात एक डॉक्टर नेटवर्कमध्ये आणि दुसरे बाहेर असतात. मग किमती. ‘रूट कॅनालचे किती?’ हा प्रश्न चुकीचा. पुढच्या दाताचा कोड डी3310, उपदाढेचा डी3320, दाढेचा डी3330, आणि तिघांचे दर वेगळे. कोड सांगा आणि त्या नेटवर्कच्या फी शेड्युलमधला आकडा मागा. प्लॅनच्या साइटवर झिप कोड, म्हणजे इथला पिन कोड, टाकला की नमुना दर दिसतात. ते समोर ठेवून फोन केला तर फरक लगेच कळतो. शेवटी लेखी इस्टिमेट मागा, कोडसकट.

या बाई फोनवर अजून एक प्रश्न विचारतायत, तो ऐका. ‘रूट कॅनाल इथेच होईल, की बाहेर पाठवाल?’

[दृश्य: स्क्रीनवर एक्स-रे. दाढेची वाकडी मुळं.]

तो प्रश्न का महत्त्वाचा, ते एक्स-रेमध्ये दिसतंय. मुळं वाकडी आहेत, नलिका बारीक. अशा वेळी नेहमीचे डॉक्टर एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या स्पेशालिस्टकडे, पाठवतात, आणि योग्यच करतात. पण फी शेड्युल सहसा जनरल डेंटिस्टपुरतं असतं. स्पेशालिस्टकडे ठरलेला दर नसतो, त्याच्या स्वतःच्या दरावर 15-20 टक्के सूट असते, तीसुद्धा प्लॅनमध्ये असेल तर. समजा त्यांचा दर 1650. 20 टक्के गेले, राहिले 1320. तुम्ही 870 धरून बसला होतात. एका चिठ्ठीने 450 डॉलर वाढले, आणि यात कुणी कुणाला फसवलेलं नाही.

‘60 टक्क्यांपर्यंत सवलत’ या जाहिरातीतला जीव ‘पर्यंत’ या शब्दात आहे. मोठी टक्केवारी सहसा एक्स-रे आणि तपासणीसारख्या स्वस्त कामांवर असते.

[दृश्य: प्रोब हिरडीवर. सहायक आकडे मोजून सांगते: तीन, दोन, तीन, पाच, चार, पाच.]

हा प्रोब. त्यावर मिलिमीटरच्या खुणा आहेत. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडी किती खोल सुटली आहे ते मोजतात. तीनपर्यंत ठीक. चार-पाचच्या पुढे, हाड झिजलेलं असेल, तर साधी सफाई, डी1110, पुरत नाही. डी4341 लागतो, म्हणजे हिरडीखालची सफाई, तोंडाचे चार भाग करून, प्रत्येक भागाचे वेगळे पैसे. म्हणून सफाईला गेलेला माणूस चार ओळींचं इस्टिमेट घेऊन बाहेर येतो. गरज असेल तर हे टाळू नये. पण हे मोजलेले आकडे छापून मागा, तो तुमचा हक्काचा कागद आहे. आणि त्या इस्टिमेटमध्ये डी4381 दिसला, म्हणजे दाताभोवती ठेवायचं अँटिबायोटिक, तर तो कोड फी शेड्युलमध्ये आहे का ते बघा. यादीत नसलेल्या कोडला एकतर सवलत नाही, किंवा अगदी थोडी. सवलतीच्या ओळी पाहून सुखावलेल्या माणसाला फटका बसतो तो बहुतेकदा अशाच ओळींतून.

[दृश्य: मिलिंग मशीन. निळसर-जांभळा ठोकळा, पाण्याचे फवारे, दोन बाजूंनी फिरणाऱ्या हिऱ्याच्या सुया.]

ही कॅप बनते आहे. तोंडात साचा घेतलेला नाही. कॅमेऱ्याने दाढ स्कॅन केली, पडद्यावर आकार ठरला, आणि लिथियम डायसिलिकेटचा हा ठोकळा मशीनमध्ये लावला. रंग निळसर-जांभळा, कारण अजून तो अर्धाच पक्का आहे. म्हणूनच कोरता येतो. दहा-पंधरा मिनिटांत दाढेचा आकार उतरतो. मग भट्टी, साधारण 840 अंश सेल्सिअस.

[दृश्य: भट्टीचं झाकण वर जातं. कॅप दातासारखी पांढरी.]

आत स्फटिक तयार झाले, रंग बदलला, आणि कॅप कठीण झाली.

पैशाच्या बाजूने इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कॅप दवाखान्यात बनली काय किंवा बाहेरच्या लॅबमधून आली काय, कोड तोच, डी2740. पण काही प्लॅनमध्ये लॅबचा खर्च सवलतीच्या बाहेर ठेवलेला असतो, आणि सोन्यासारख्या धातूची कॅप असेल तर धातूचे पैसे वेगळे. इस्टिमेटमध्ये ‘लॅब फी’ अशी ओळ आहे का, हे खुर्चीत बसण्याआधी विचारायचं.

[दृश्य: टेबलावर कॅलक्युलेटर, दोन्ही कागद.]

विमा की प्लॅन? हिशेब करू. बाजारातून स्वतः घेतलेला विमा, महिन्याला 40 डॉलर धरा, वर्षाचे 480. मोठ्या कामाला 12 महिन्यांचा वेटिंग पिरियड. आपल्या दाढेला नेटवर्कचा 2000 चाच दर लागला असं समजू. वेटिंगमध्ये विमा काही देत नाही, म्हणजे 2480 गेले. प्लॅनवाल्याचे 2000 आणि वर्षाची फी 150, एकूण 2150. वेटिंग संपलं असेल तर चित्र उलटतं: 50 डिडक्टिबल, उरलेल्याचे निम्मे 975, आणि प्रीमियम 480, मिळून 1505. ऑफिस प्रीमियम भरत असेल तर विमाच घ्या, त्यात वाद नाही. पण दुखणारी दाढ वर्षभर थांबत नाही. विमा घेण्याआधीच पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट हवं असेल, तर विम्यातलं एक कलम ते पैसे नाकारू शकतं. प्लॅनमध्ये तो प्रश्नच येत नाही. वय विचारत नाहीत, आधीचं दुखणं विचारत नाहीत. फक्त आधीच सुरू झालेल्या कामाला सवलत नाही: रूट कॅनाल अर्धं झाल्यावर कार्ड काढून उपयोग नाही.

वर्षातून दोनदा सफाई, बाकी दात ठणठणीत, अशांना प्लॅनमधून फार काही सुटत नाही. त्यांच्यासाठी पुष्कळ दवाखान्यांचे स्वतःचे मेंबरशिप प्लॅन असतात: ठरलेल्या वार्षिक फीमध्ये दोन सफाया, तपासण्या, एक्स-रे, आणि इतर कामावर थोडी सूट. अट एकच, तो दवाखाना सोडला की प्लॅन तिथेच राहतो.

[दृश्य: एडिसनमधला ओक ट्री रोड. फुटपाथवरून चालणारे आजी-आजोबा.]

महाराष्ट्रातून सहा महिने राहायला आलेल्या आई-बाबांसाठी घेतलेला व्हिजिटर विमा दातांच्या बाबतीत बहुधा अपघात किंवा अचानक उठलेली कळ एवढ्यावर थांबतो, तोही छोट्या रकमेपर्यंत. बरीच कुटुंबं म्हणतात, भारतात गेल्यावर करू. कॅपपुरतं ते जमतं. गालावर सूज आली तर जमत नाही. मग प्लॅन घेतला जातो शनिवारी रात्री, आणि तो सुरू होतो बहुधा एक ते तीन कामाच्या दिवसांनी. त्याआधीच्या उपचाराला पूर्ण दर. सूज असेल तर कार्डाची वाट बघायची नाही, आधी डॉक्टर. उरलेलं काम, रूट कॅनाल आणि कॅप, कार्ड चालू झाल्यावर. ज्यांना 2000 डॉलरही झेपत नाहीत, ते दाढ काढून घेतात. डी7140.

[दृश्य: लॅपटॉपवर राज्याच्या विमा विभागाचं पान. शोध चौकटीत नाव टाइप होतं.]

प्लॅन घेण्याआधीचं शेवटचं काम. बऱ्याच राज्यांत अशा कंपन्यांना नोंदणी किंवा परवाना लागतो; राज्याच्या विमा विभागाकडे नाव तपासा. फोनवर कुणी ‘विम्यासारखंच आहे’ म्हणाला, किंवा डॉक्टरांची यादी आधी पैसे भरल्यावरच दाखवीन म्हणाला, तर फोन ठेवा. अनेक राज्यांत पहिल्या 30 दिवसांत रद्द केलं तर वर्षाची फी परत मिळते, नोंदणीचे किरकोळ पैसे कापून. म्हणून पहिली अपॉइंटमेंट त्या 30 दिवसांत घ्या, बिलावरचे आकडे फी शेड्युलशी ताडून बघा, आणि जुळत नसतील तर आधी नेटवर्कला फोन करा, मग रद्द करा. प्लॅनचं वर्ष संपलं की तो सहसा आपोआप पुन्हा सुरू होतो आणि फी तुमच्या क्रेडिट कार्डातून जाते. ती तारीख कॅलेंडरमध्ये महिनाभर आधी टाकून ठेवा.