प्लास्टिकचा रस्ता आणि खरवडलेला रस्ता

पत्रिकेवर विषय ‘टाकाऊतून रस्ता’ असा छापलाय. मला खरं बोलायचंय ते जुन्या रस्त्याच्या खरवडीबद्दल, म्हणजे खरवडून काढलेल्या वरच्या डांबरी थराबद्दल. पण सांगली-मिरजेत टाकाऊ म्हटलं की लोकांना प्लास्टिकच आठवतं, तेव्हा आधी ते उरकून घेऊ.

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रा. वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिक घालून डांबरी रस्ता करायची पद्धत बसवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधीच, २०१३ मध्ये, रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं (आयआरसी) तिच्यासाठी एसपी ९८ ही मार्गदर्शिका काढली होती. म्हणजे कृती लेखी आहे. तरी दर पावसाळ्यानंतर ऐकू येतं, ‘प्लास्टिक टाकलं होतं, तरी रस्ता उखडलाच!’ माझी तक्रार इथं आहे. टाकलं म्हणजे कसं टाकलं?

हे प्लास्टिक डांबरात विरघळवायचं नसतं, खडीवर चढवायचं असतं. खडी १६५ अंशांपर्यंत तापली की तिच्यावर दोन-अडीच मिलिमीटरचा चुरा सोडायचा. अर्ध्या-पाऊण मिनिटात तो वितळतो आणि प्रत्येक खड्यावर पातळ, चकचकीत साय धरते. मग १६० अंशांचं डांबर. आपल्या काळ्या दगडाच्या बारीक छिद्रांत पाणी शिरलं की डांबर सुटायला लागतं. ती छिद्रं या लेपानं बुजतात. डांबर आधी आणि प्लास्टिक मागून टाकलं, तर दगडाला काहीच मिळालं नाही.

प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के. एक टन मालात, म्हणजे खडी-डांबराच्या मिश्रणात, ५ टक्के, म्हणजे ५० किलो डांबर धरा. ८ टक्क्यांनी प्लास्टिक ४ किलो, डांबर ४६ किलो. पावणेचार मीटर रुंद, एक किलोमीटर लांब, २५ मिलिमीटर थर म्हणजे साधारण २१५ टन माल. त्यात प्लास्टिक जेमतेम ८६० किलो. अख्ख्या शहराचा कचरा रस्त्यात जिरवू म्हणणाऱ्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

आता खडी-डांबर मिसळणाऱ्या प्लांटवर या. खडी जिकडून आत जाते तिकडंच बर्नर, असा ड्रम आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहे. कामगार पोतं उचलतो आणि खडीच्या पट्ट्यावरच चुरा ओततो. तो सरळ ज्वाळेत जातो. जळतो, धूर होतो, खडीवर काजळी बसते. चुरा ज्वाळेच्या पलीकडे, ड्रमच्या मधल्या भागात पाइपनं, मोजून सोडायला हवा. बॅच प्लांट, म्हणजे एकेक घाणा मिसळणारा, असेल तर मिक्सरमध्ये गरम खडी पडल्यावर आणि डांबराच्या आधी.

चुराही निवडलेला हवा. दुधाच्या पिशव्या उत्तम, पण धुऊन, कडक वाळवून. ओल्या पिशवीतलं पाणी गरम खडीवर वाफ होतं आणि लेप फुटतो. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक वितळायला अडीचशे अंश लागतात, ते १६५ ला तसंच राहतं. त्याला भंगारात भाव आहे, तिकडं जाऊ द्या. चंदेरी अस्तराची वेष्टनं बाजूला. आणि पीव्हीसी अजिबात नको, तापलं की त्यातून आम्लाचा वायू निघतो. ओळखायचं कसं? तांब्याची तार लालभडक करा, तुकड्याला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की ते पोतं परत पाठवा. गोदामाच्या दारात दोन मिनिटांत होणारी ही परीक्षा आहे, आणि ती कुणी करत नाही याचा मला मनापासून राग येतो.

जाता जाता आणखी एक. खाली काळी माती, कडेला गटार नाही आणि वरून गळिताच्या हंगामात उसाच्या दुहेरी ट्रॉल्या. तिथं प्लास्टिकनं रस्ता वाचत नाही. आधी पाणी काढा.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. मुख्य विषय आता धावत सांगावा लागणार.

आपण जुन्या थरावर नवा थर चढवत राहतो. रस्ता वर येतो, उंबरे खाली जातात, पाऊस घरात शिरतो. त्याऐवजी मिलिंग मशीननं वरचा थर खरवडा. ती खरवड म्हणजे डांबर लागलेली तयार खडी आहे, आणि ती साईडपट्टीच्या भरावात जाते! टनामागे २० टक्के वापरली तर २०० किलो खरवड. तिच्यात साडेचार टक्के डांबर सापडलं तर ९ किलो डांबर आणि १९१ किलो खडी परत हातात. प्लास्टिकनं वाचलेल्या ४ किलोंशी ताडून बघा. जुनं डांबर कडक झालेलं असतं, सगळंच कामाला येत नाही, म्हणून नवं डांबर मऊ ग्रेडचं घ्यायचं. खरवड शेडखाली ठेवायची, भिजली तर इंधन पाणी वाळवण्यातच जातं. ज्वाळेखाली घालायची नाही. नवी खडी जादा तापवून तिच्या उष्णतेवर खरवड गरम करायची. आयआरसी १२० मध्ये २०१५ पासून हे सगळं आहे.

कुपवाडच्या फौंड्रीची वापरलेली वाळू आणि साखर कारखान्याची बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख यांवर थोडक्यात. वाळूत बेंटोनाइट ही चिकणमाती असते, ते पाण्यानं फुगतं आणि डांबर सोडवतं, म्हणून थोडीच घ्या, चुना घाला. राखेतला न जळलेला कोळसा डांबर पितो, चाळून घ्या. दोन्हींचे नमुने डांबर लावून २४ तास ४० अंशांच्या पाण्यात ठेवा. ज्यांचं डांबर सुटलं, ते वापरू नका.

निविदा काढणारे इथं बसलेत, त्यांच्यासाठी शेवटचं. ‘टाकाऊ साहित्य वापरावे’ एवढ्यावर थांबू नका. खरवड कुठं साठवायची, चुरा ड्रममध्ये कुठून सोडायचा आणि खडीचं तापमान दर तासाला कुणी लिहायचं, हे तीन मुद्दे घाला आणि त्यांची नोंद बघितल्याशिवाय बिलावर सही करू नका.