तपासणी एका फेरीत संपली पाहिजे

मित्रहो,

हिपॅटायटिस म्हटलं की बहुतेकांना कावीळ आठवते. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नावरची वासना उडालेली. पण हिपॅटायटिस बी आणि सी या ज्या दोन विषाणूंबद्दल मी आज बोलणार आहे, त्यांच्या बाबतीत या चित्रावर विसंबून राहणं घातक ठरतं. हे विषाणू यकृतात २०-३० वर्षं मुक्काम ठोकून असतात आणि त्या काळात बहुतेकांना काहीच जाणवत नाही. ताप नाही, कावीळ नाही, कामावर खाडा नाही. त्रास सुरू होतो तेव्हा पोटात पाणी झालेलं असतं, रक्ताची उलटी झालेली असते, किंवा सोनोग्राफीत यकृतावर गाठ दिसते. दुखलं की डॉक्टरकडे जायचं, ही आपली सगळ्यांची रीत इथे कामाची नाही. तपासणी केली तर वेळेत कळतं, नाहीतर फार उशिरा कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५ कोटी लोकांना हिपॅटायटिस सी होता. त्या एका वर्षात या आजारांनी सुमारे १३ लाख बळी घेतले. मला मात्र सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा वेगळा आहे. बी झालेल्या दर १०० लोकांपैकी फक्त १३ जणांचं निदान झालं होतं. सीच्या बाबतीत ३६ जणांचं. उरलेल्यांना आपल्या शरीरात काय चाललंय याचा पत्ताच नव्हता.

उपाय नसता तर गोष्ट निराळी होती. पण सी हा आजार १२ आठवडे गोळ्या घेऊन ९५ टक्क्यांहून जास्त लोकांमध्ये पूर्ण बरा होतो. बी सहसा मुळापासून जात नाही, तरी रोजच्या एका गोळीने विषाणू दाबून ठेवता येतो आणि सिरोसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं), कर्करोग यांचा धोका बराच कमी होतो. शिवाय बीवर लस आहे. इतकं सगळं हाताशी असताना माणसं मरतात, कारण तपासणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, किंवा पोहोचते आणि अर्ध्यावर सुटते. हे अर्ध्यावर सुटणं मला आज जरा सविस्तर सांगायचं आहे.

हिपॅटायटिस सीचं निदान दोन टप्प्यांत होतं. पहिल्या चाचणीत रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं, आहेत का ते पाहतात. ती आढळली याचा अर्थ एवढाच, की हा विषाणू कधीतरी शरीरात आला होता. सुमारे चौथाई लोकांमध्ये तो औषधाविना आपोआप निघून जातो, आणि उपचाराने बरा झालेल्यांच्या रक्तातही प्रतिपिंडं राहतातच. आज विषाणू आहे की नाही, हे सांगणारी चाचणी दुसरी, आरएनएची, म्हणजे खुद्द विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी. ती झाल्याशिवाय कुणालाही ‘तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे’ असं सांगू नये, आणि ‘काही नाही हो’ असंही सांगू नये.

आता ज्याला काहीही होत नाही अशा माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पहिली फेरी बोटातून रक्त द्यायला. रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणून दुसरी फेरी मोठ्या रुग्णालयात, तिथे शिरेतून रक्त. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जातो. रिपोर्ट आणायला तिसरी फेरी, तो आलेला नसला तर चौथी. मग तज्ज्ञांची वेळ, यकृत किती खराब झालंय हे पाहायच्या तपासण्या, त्या दाखवायला पुन्हा एक खेप. दर खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते, प्रवासखर्च होतो, घरी काय सांगायचं हा प्रश्न उभा राहतो. आणि एवढं सारं कशासाठी, तर ज्याला आज बरं वाटतंय त्याच्यासाठी. माणूस मधेच सुटला की आपण नोंदवहीत ‘रुग्ण परत आला नाही’ असं लिहून मोकळे होतो. मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं. मुळात त्याला इतक्यांदा बोलावलं कुणी?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की तपासणीची सोय मोजायची असेल तर किती किट वाटले हे मोजू नका. तपासणीसाठी बोट टोचल्यापासून औषध हातात पडेपर्यंत माणसाला किती फेऱ्या माराव्या लागल्या, ते मोजा. या फेऱ्या कमी करण्याची साधनं आज आहेत.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली की माणसाला पुन्हा न बोलावता प्रयोगशाळेने त्याच रक्ताच्या नमुन्यावर आपणहून दुसरी चाचणी करायची. यासाठी नवं यंत्र लागत नाही. नियम बदलावा लागतो, आणि सुरुवातीलाच पुरेसं रक्त घ्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने सीसाठी २०२२ मध्ये ही शिफारस केली, आणि २०२४ मध्ये बीसाठीही. दुसरा मार्ग म्हणजे बोटाच्या रक्तावर साधारण तासाभरात आरएनएचं उत्तर देणारं छोटं यंत्र. क्षयरोगाच्या तपासणीसाठी अनेक ठिकाणी बसवलेल्या यंत्रांवरच वेगळं कार्ट्रिज घालून हे करता येतं. यंत्र आहे, दिवसातले काही तास ते रिकामं आहे, पण ते ‘दुसऱ्या विभागाचं’ आहे, एवढ्यावर अडतं. जिथे तेही नाही, तिथे जाड शोषक कागदावर रक्ताचे थेंब वाळवून ते पाकिटातून पाठवता येतात, बर्फाची गरज नाही. विषाणूचं प्रमाण अगदी कमी असेल तर या पद्धतीत तो निसटू शकतो, हे खरं. पण रक्त पाठवायची सोयच नसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

यकृताची अवस्था पाहायलाही प्रत्येक वेळी महागडं यंत्र लागत नाही. रक्तातलं एएसटी (यकृताला इजा झाली की वाढणारं विकर) आणि प्लेटलेट यांच्यावरून एक अंक काढता येतो आणि पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत निर्णयाला तो पुरतो. प्रशिक्षित परिचारिका तपासणी करू शकतात, आणि गुंतागुंत नसलेल्या सीचा उपचार साध्या दवाखान्यातले डॉक्टरही तितक्याच चांगल्या निकालाने करतात. तज्ज्ञांना गंभीर रुग्णांसाठी मोकळं ठेवणं यातच सगळ्यांचं भलं आहे.

कुणाची तपासणी करायची? बराच काळ पद्धत अशी होती, की आधी प्रश्न विचारायचे. नशेची सुई टोचून घेतली का, लैंगिक संबंध कसे आहेत, तुरुंगात होता का. समोर चार माणसं बसलेली असताना याची खरी उत्तरं कोण देईल? विचारणाऱ्यालाही संकोच वाटतो. त्यामुळे ज्यांना गरज जास्त, तेच निसटतात. यावर इजिप्तने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. तिथे गेल्या शतकात एका परजीवीच्या रोगावरची इंजेक्शनं मोहिमेत देताना सुया नीट निर्जंतुक झाल्या नाहीत आणि हिपॅटायटिस सी देशभर पसरला. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या काळात त्यांनी जवळपास ५ कोटी प्रौढांची तपासणी केली. सोबत रक्तदाब, साखर आणि वजनही पाहिलं. रांगेतला माणूस कशासाठी उभा आहे हे कुणाला कळायचं कारण नव्हतं, कारण सगळेच उभे होते. पॉझिटिव्ह आलेल्यांना पुढची तपासणी आणि औषध सरकारतर्फे मिळालं. २०२३ मध्ये या आजाराच्या निर्मूलनाच्या वाटेवर जागतिक आरोग्य संघटनेचा सुवर्ण दर्जा मिळवणारा इजिप्त पहिला देश ठरला. सरसकट तपासणीने लाज विभागली जाते, असं मी म्हणतो ते याच अनुभवावरून.

सरसकट म्हणजे सक्तीने नव्हे, हेही सांगतो. संमती घ्यायची, निकाल गुप्त ठेवायचा, आणि एकत्र जेवल्याने किंवा हात मिळवल्याने हे विषाणू पसरत नाहीत, हे घरच्यांना समजावायचं. नोकरी जाईल, लग्न मोडेल या भीतीने लोक तपासणी टाळतात, आणि ती भीती काल्पनिक नाही.

गरोदरपणातली तपासणी मला सगळ्यात जवळची वाटते. बाळाला जन्माच्या वेळी आईकडून बीची लागण झाली तर ९० टक्के वेळा ती आयुष्यभर टिकते. प्रौढपणी झालेली लागण टिकण्याचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे. आईची तपासणी वेळेत झाली, गरज असेल तर तिला गोळ्या दिल्या आणि बाळाला २४ तासांत लस टोचली, तर ही साखळी तुटते. पण तिथेच थांबू नये. आई पॉझिटिव्ह आली की तिची मोठी मुलं, नवरा, बहीण-भाऊ यांना त्याच आठवड्यात बोलवा. ज्यांना लागण नाही आणि लसही मिळालेली नाही, त्यांना लगेच लस द्या.

शेवटी एक असा मुद्दा, ज्याला नवा खर्च जवळजवळ नाही. आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांची तपासणी झालेली असते. शस्त्रक्रियेआधी होते, डायलिसिसला होते, रक्तदान केल्यावर होते. पण शस्त्रक्रियेआधीची तपासणी बहुधा डॉक्टर-नर्सच्या सुरक्षेसाठी असते. टेबलावर काळजी घेतली जाते, केसपेपरवर नोंद होते, आणि रुग्ण टाके काढून घरी जातो. त्याला कुणी बसवून सांगत नाही. रक्तपेढीत पिशवी नष्ट होते, दात्याला निरोप मात्र दर वेळी पोहोचतोच असं नाही. नेदरलँड्समध्ये प्रयोगशाळांचे जुने रिपोर्ट पुन्हा वाचून, पुढे उपचाराला न आलेल्या हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना शोधून परत बोलावलं गेलं. हे कुठल्याही रुग्णालयाला, कुठल्याही रक्तपेढीला करता येईल. इथे प्रयोगशाळा सांभाळणारे काही जण बसले आहेत. गेल्या काही वर्षांतले बी आणि सीचे पॉझिटिव्ह रिपोर्ट वेगळे काढा. त्यातल्या किती जणांना निकाल नीट समजावून सांगितला होता ते तपासा. ज्यांना सांगितला नव्हता, त्यांच्याशी एकांतात बोलायची व्यवस्था करा आणि औषध कुठे मिळेल तो पत्ता त्याच वेळी द्या.