आणखी एक ग्लास

(पडद्यावर: टेबलावर पाण्याने भरलेले चार ग्लास. एक हात पहिला उचलतो.)

उन्हातून चालत आलेला माणूस पहिला ग्लास एका दमात रिकामा करतो. हनुवटीवरून पाणी ओघळतं, तिकडे त्याचं लक्षही नसतं. दुसरा तो बसून, सावकाश पितो. तिसऱ्याचे दोन घोट घेतो आणि खाली ठेवतो. चौथा पुढे केला, की नुसता हात हलवून 'पुरे' म्हणतो.

पाणी तेच आहे. आधी किती पिऊन झालंय, एवढंच बदललं.

अर्थशास्त्रात याला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम म्हणतात. नाव घाबरवणारं आहे खरं, पण त्यातली 'उपयोगिता' म्हणजे वस्तूतून मिळणारं समाधान, आणि 'सीमांत'चा अर्थ इतकाच: आणखी एक.

हे 'आणखी एक' सुचायला मात्र बराच काळ गेला. १७७६ साली ॲडम स्मिथने एक कोडं मांडलं होतं. पाण्यावाचून जगता येत नाही, तरी त्याच्या बदल्यात फारसं काही मिळत नाही. हिऱ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, तरी त्याचा भाव आभाळाला. असं का? गफलत प्रश्नातच होती. जगातलं सगळं पाणी हवं की सगळे हिरे, असं आपल्याला कुणी विचारत नाही. निवड असते ती आणखी एका बादलीची आणि आणखी एका हिऱ्याची. पाणी मुबलक असेल, तर शेवटची बादली झाडांनाच जाते, म्हणून तिचं मोल कमी. हिरे मोजकेच, म्हणून आणखी एकाचं मोल जास्त.

१८५४ मध्ये हर्मान गोसेन या जर्मन माणसाने हे सगळं पुस्तकात मांडलं. खगोलशास्त्रात कोपर्निकसने जे केलं, ते मी अर्थशास्त्रात केलंय, असा त्याचा दावा होता. पुस्तक खपलं नाही. मागणीचं मूळ सांगणाऱ्या पुस्तकालाच मागणी नव्हती! चार वर्षांनी, मरणाच्या थोडं आधी, त्याने उरलेल्या प्रती परत घेतल्या. पुढे जेव्हन्स, मेंगर आणि वालरास हे तीन अर्थतज्ज्ञ आपापल्या वाटेने त्याच विचारापाशी पोहोचले. गोसेनचं पुस्तक हाती पडल्यावर जेव्हन्सने त्याचं श्रेय जाहीरपणे मान्य केलं.

(पडद्यावर: डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेष.)

आता ग्लासांना किंमत लावू. किंमत चढी असेल, तर तो माणूस एकच ग्लास घेईल. उतरली, तर दुसराही परवडेल, कदाचित तिसराही. प्रत्येक ग्लासाला फार तर किती मोजायला तो तयार आहे, हे कागदावर मांडलं की झाला मागणी वक्र. पहिल्या ग्लासासाठी तो जास्त द्यायला तयार होता आणि त्याला द्यावे लागले कमी. मधला फरक म्हणजे ग्राहकाचं संतोषाधिक्य. आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये ही कल्पना रूढ केली.

एक खूणगाठ बांधून ठेवा, परीक्षेत इथेच गुण जातात. किंमत उतरल्यामुळे जास्त घेतलं, तर तो मागणीचा विस्तार. आपण त्याच रेषेवर खाली सरकतो. ऊन वाढलं किंवा खिशात जास्त पैसे आले म्हणून जास्त घेतलं, तर ती मागणीतली वृद्धी. तिथे अख्खी रेषच उजवीकडे सरकते. आणि नुसती तहान म्हणजे मागणी नव्हे. इच्छेला ऐपत आणि खर्चाची तयारी यांची जोड लागते.

इतकं झाल्यावर माणूस हिशोबी वाटू लागतो. पण त्याच टेबलापाशी परत येऊ. पोट भरलंय, 'पुरे' म्हणून झालंय. इतक्यात कुणीतरी सांगतं, "अहो, चारही ग्लासांचे पैसे आधीच भरलेत." पुस्तकी हिशोबाप्रमाणे याने काहीच बदलायला नको. गेलेला पैसा गेला, तो प्यायल्याने परत येत नाही.

(पडद्यावर: तोच हात. क्षणभर थबकतो, आणि चौथा ग्लास उचलतो.)