कडेची पट्टी आणि आतली हवा : जुने हाय-फाय स्पीकर निवडताना

समोरच्या टेबलावर ठेवलेल्या वूफरच्या, म्हणजे स्पीकरमधल्या खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या भागाच्या, कडेला कृपया कोणी बोट लावू नये. लावलेच, तर काळपट चिकट चुरा बोटाला लागेल आणि तो सहज धुतला जाणार नाही. हा चुरा म्हणजे एके काळी फोमची लवचीक पट्टी होती; आवाजासाठी पुढे-मागे हलणारा कागदी शंकू, म्हणजे कोन, आणि धातूची चौकट यांना ती जोडून ठेवत असे. तिला सराउंड म्हणतात. जुना स्पीकर घेणारे बहुतेक जण आधी लाकडाची झिलई पाहतात, मग कंपनीचे नाव, मग विक्रेत्याने सांगितलेला भाव. पाहायला हवी ती ही पट्टी, आणि ती आता कोणत्या पदार्थाची आहे हे.

हा वूफर एआर-३ए या स्पीकरचा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथील अकूस्टिक रिसर्च या कंपनीने तो १९६७ मध्ये बाजारात आणला. बारा इंची वूफर, मधल्या स्वरांसाठी दीड इंची घुमटाकार मिडरेंज, उंच स्वरांसाठी पाऊण इंची घुमटाकार ट्वीटर आणि पूर्ण बंद खोका, अशी त्याची रचना. तिचे मूळ १९५४ सालच्या एआर-१ मध्ये आहे. एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी ही कंपनी काढली, तेव्हा खर्जासाठी कपाटाएवढा खोका लागतो असे सर्वसाधारणपणे मानले जाई. कोनाला मागे खेचणारे सस्पेन्शन (सराउंडसारखे लवचीक आधार) ताठ असे आणि कोन जास्त हलला की ते समप्रमाणात खेचत नसे. त्यातून आवाज विकृत होई. व्हिल्चर यांनी सस्पेन्शन मुद्दाम सैल केले आणि खेचण्याचे काम बंद खोक्यातल्या हवेवर सोपवले, कारण कोनाच्या मर्यादित हालचालीत हवेची स्प्रिंग कापडाच्या किंवा कागदाच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी सरळ वागते.

एआर-३एच्या वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या मोकळ्या हवेत १८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १८ कंपने, आहे. खोक्यात बसवल्यावर ती ४२ हर्ट्झ होते. ताठरपणा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ४२ भागिले १८ याचा वर्ग केला की सुमारे ५.४ येतात. म्हणजे खोक्यात एकूण ताठरपणा ५.४ पट होतो; त्यातला एक भाग सस्पेन्शनचा, उरलेले हवेचे. याचा अर्थ असा की खोक्यात कोनाला मागे आणणाऱ्या बळापैकी चार पंचमांशाहून अधिक बळ एकट्या हवेचे आहे. दुरुस्तीत नेमके हेच विसरले जाते. ‘फोम पुन्हा सडेल, त्यापेक्षा रबर टाका, जन्मभर टिकेल’ असा सल्ला दुकानात हमखास मिळतो. जाड रबरामुळे सस्पेन्शन समजा तिप्पट ताठ झाले, तर माझ्या हिशेबाने ४२ चा आकडा ४९ च्या आसपास जातो. शिवाय रबराचे वजन हलत्या भागात मिसळते आणि तेवढ्याच वीजशक्तीत आवाज कमी येतो. पट्टी टिकते हे खरे, पण ज्या खर्जासाठी आपण हा स्पीकर घेतला तोच बदललेला असतो. म्हणून इथे मूळच्याइतकी मऊ फोमचीच पट्टी लावावी आणि पुढे कधीतरी ती पुन्हा बदलावी लागेल हे मान्य करावे.

फोम सडतो तो वापरामुळे नव्हे. हा पॉलिएस्टर प्रकारचा पॉलियुरेथेन असतो आणि हवेतील आर्द्रतेने त्याचे जलीय विच्छेदन, म्हणजे पाण्यामुळे हळूहळू विघटन, होत राहते. त्यामुळे ‘वीस वर्षे पॅक करून ठेवले होते, वाजवलेच नाहीत’ या वाक्याला जाहिरातीत कितीही वजन असले, तरी फोमच्या बाबतीत ते निरर्थक आहे. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत तर अधिकच. एआर-३एच्या सुरुवातीच्या नगांना फोमऐवजी कापडी सराउंड होते. ते सडत नाही, पण त्यावरचा लेप कालांतराने विरतो आणि कापडातून हवा झिरपू लागते. तो लेप पुन्हा द्यावा लागतो, आणि तोही कापड मऊ राहील असा.

पट्टी बदलताना खरा कस लागतो तो कोन मध्यावर आणण्यात. कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, चुंबकाच्या ज्या फटीत हलते ती अतिशय अरुंद असते. माझा पहिला वूफर मी घाईने चिकटवला. दिसायला सुरेख झाला होता, पण प्रत्येक खालच्या स्वराला आतून खरखर ऐकू येई, कारण कॉइल एका बाजूने घासत होती. सगळे पुन्हा उकलावे लागले. तेव्हापासून मी जुना गोंद पूर्ण खरवडून काढतो, नवी पट्टी आधी कोनाला चिकटवतो, आणि चौकटीकडचा गोंद ओला असताना ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू वाजवत कोन जागेवर आणतो. मग चोवीस तास त्याला हात लावत नाही.

क्रॉसओव्हर, म्हणजे उंच, मधले आणि खालचे स्वर त्या त्या भागाकडे वाटून देणारे विद्युतमंडल, याबद्दल थोडक्यात. एआर-३एमध्ये १५०, ५० आणि ६ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत. ते काढून मोजावेत; मूल्य वाढलेले किंवा अंतर्गत रोध वाढलेला असेल तर बदलावेत. मात्र महागडे फिल्म कपॅसिटर लावले म्हणजे आवाज आपोआप सुधारतो असे नाही. त्यांचा रोध मूळच्यापेक्षा कमी असल्याने ट्वीटर थोडा पुढे येतो, म्हणजे उंच स्वर जरा जास्त ऐकू येतात, आणि तो समतोल साधायला कधी कधी लहानसा रोधक जोडावा लागतो. मागच्या बाजूला पातळी कमीजास्त करण्याची दोन बटणे असतात, त्यांच्या आतले धातूचे संपर्क गंजतात आणि ट्वीटर मुका होतो. खरेदी करताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: ‘ट्वीटर गेला’ म्हणून स्वस्तात निघालेल्या जोडीत दोष अनेकदा या बटणातच असतो. पण मल्टिमीटरने तपासल्यावर ट्वीटरच तुटलेला निघाला, तर ती जोडी मी घेणार नाही. पट्टी कोणीही बनवू शकतो, मूळचा ट्वीटर नव्याने बनत नाही.

ज्यांना दुरुस्तीची हौस नाही, त्यांनी रबरी सराउंडचे स्पीकर पाहावेत. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेल्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरमध्ये केईएफ कंपनीचा निओप्रीन सराउंडचा बी११० वूफर आहे. खोका बंदच, पण जेमतेम पाच लिटरचा, आणि संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीजशक्तीत निघणारा आवाज, सुमारे ८३ डेसिबल, म्हणजे कमीच. त्यामुळे मोठ्या दिवाणखान्यात त्याच्याकडून ढोल-ताशाची अपेक्षा करू नये. त्याच्या क्रॉसओव्हरमध्ये प्रत्येक नगाचा ट्वीटर वूफरशी जुळवून घेतलेला असतो, म्हणून दोन वेगवेगळ्या जोड्यांतले नग एकत्र करून विकले जात असतील तर सावध राहावे. क्वाड कंपनीचा १९५७ सालचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर (कोनाऐवजी विद्युतभारित पातळ पडदे हलवून आवाज काढणारा) मला मनापासून आवडतो, पण त्याच्या खर्जाच्या पडद्यांना सुमारे सहा हजार व्होल्ट लागतात. धूळ आणि दमट हवा असलेल्या घरात तो सांभाळणे हे वेगळेच व्रत आहे.

आता दुसऱ्या टेबलावरचा, पट्टी बदललेला स्पीकर पाहू. कोनावर मध्याच्या दोन्ही बाजूंना बोटे टेकवून मी तो हलकेच आत दाबतो आणि सोडतो. तो झटकन उसळला, तर हवा कुठून तरी गळते आहे. सावकाश वर आला, तर खोका बंद आहे. पुढच्या रांगेतल्यांनी जवळ यावे, हे नीट दिसायला हवे.