सहा कमी, सात जास्त

[अक्कलकोट रोड एमआयडीसी. सकाळ. मागांचा आवाज.]

हा आवाज सोलापूरकराच्या कानाला वेगळा जाणवत नाही. तो थांबला, की जाणवतो. ऑटोमॅटिक माग मध्येच बंद पडला, की कामगार मोटरीकडे धावत नाही. तो आधी ताण्याकडे बघतो. उभ्या प्रत्येक धाग्यावर एक बारीक पत्ती टांगलेली असते. धागा तुटला की पत्ती खाली पडते, आणि पत्ती पडली की माग थांबतो. पण कधी धागा तुटलेला नसतोच, नुसता सैल झालेला असतो. म्हणून जाणता माणूस तुटल्याचं गृहीत धरत नाही. बोट फिरवून धागा चाचपतो.

[गॅरेजचं शटर वर जातं. आत पांढरी गाडी.]

मागांच्या भिंतीला लागूनच हे गॅरेज आहे. इथे सगळे ज्यांना मामा म्हणतात, त्यांनी उमेदीची वर्षं मागांच्या मोटरी भरण्यात घालवली. आता ते गाड्यांचं वायरिंग बघतात. ही गाडी हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनही आहे आणि इलेक्ट्रिक मोटरही. ती चार्जरला लावावी लागत नाही. ब्रेक दाबला की मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि बॅटरीत वीज भरते. गरजेप्रमाणे इंजिनही भरतं. अशी मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली गाडी, टोयोटा प्रियस, 1997 साली जपानमध्ये बाजारात आली. सोलापूरच्या रस्त्यावर हायब्रिड गाड्या आता रोज दिसतात. त्या उघडून बघणारे हात मात्र शहरात मोजकेच आहेत, आणि हा माहितीपट त्या हातांबद्दल आहे.

[डॅशबोर्ड. लाल त्रिकोण. स्कॅनरची स्क्रीन.]

गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड आहे पी-झिरो-ए-एट-झिरो. या कोडचा छापील अर्थच ‘हायब्रिड बॅटरी पॅक बदला’ असा आहे. गाडीमालकांना सर्व्हिस सेंटरमध्येही तेच सांगितलं गेलं होतं.

मामा कोड वहीत लिहून घेतात आणि पुसत नाहीत. कोड पुसला, तर बिघाड झाला त्या क्षणी गाडीने टिपून ठेवलेले आकडेही जातात. किती वेग होता, किती करंट होता, बॅटरी किती गरम होती, सगळं. घाईघाईत कोड पुसून ‘बघू परत येतो का’ म्हणणाऱ्याने साक्षीदारालाच घरी पाठवलेलं असतं.

[स्क्रीनवर चौदा आकडे. कॅमेरा जवळ.]

हे आकडे नीट बघा. या बॅटरीत निकेल-मेटल हायड्राइडचे 168 सेल आहेत. एक सेल 1.2 व्होल्टचा. सहा सेलचं एक मॉड्यूल, म्हणजे 7.2 व्होल्ट. अशी 28 मॉड्यूल एकापुढे एक जोडली, की 201.6 व्होल्ट होतात. गाडीचा कंप्युटर दोन-दोन मॉड्यूलचा एक ब्लॉक धरून चौदा ब्लॉकवर नजर ठेवतो. बॅटरी बऱ्यापैकी भरलेली असते तेव्हा ब्लॉकचं व्होल्टेज नावापुरत्या 14.4 च्या बरंच वर असतं. इथे बारा ब्लॉक 15.8 दाखवतायत. सहावा दाखवतोय 15.1.

म्हणजे सहावा ब्लॉक मेला? सगळे इथेच थांबतात. मामांचं बोट मात्र शेजारच्या आकड्यावर आहे. सातवा ब्लॉक, 16.5.

“बेरीज कर बे,” ते हाताखालच्या मुलाला म्हणतात.

15.1 आणि 16.5 मिळून होतात 31.6. दोन चांगल्या ब्लॉकची बेरीज, म्हणजे 15.8 अधिक 15.8, तीही 31.6. सहाव्यात जेवढं कमी, सातव्यात बरोबर तेवढंच जास्त. खरोखर थकलेला ब्लॉक शेजाऱ्याला काही देत नाही, तो नुसता खाली बसतो. एक कमी आणि दुसरा तितकाच जास्त दिसतो, तेव्हा संशय दोघांच्या मधल्या तारेवर जातो. व्होल्टेज मोजणारी ती बारीक तार दोन्ही ब्लॉकना सामाईक असते. शेताचा बांध सरकला की एकाची जमीन घटते, दुसऱ्याची वाढते, गटाचं क्षेत्र तेवढंच राहतं. तसं आहे हे.

[गाडी विजापूर रोडवर. मुलाच्या मांडीवर स्कॅनर.]

संशय पक्का करायला गाडी भाराखाली बघावी लागते. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की थकलेला ब्लॉक एकदम कोसळतो आणि ब्रेक लावला की इतरांच्या आधी उसळतो. इथे सगळे ब्लॉक एकत्र खाली जातात, एकत्र वर येतात. सहा आणि सात यांच्यातला फरक जवळपास तेवढाच राहतो.

यात एक फसवी जागा आहे. मॉड्यूलना जोडणारी तांब्याची पट्टी, जिला बसबार म्हणतात, तीच खराब झाली असेल, तर तिच्यातून जाणाऱ्या मोठ्या करंटमुळे व्होल्टेज भाराखाली पडतं आणि चांगला ब्लॉकही आजारी वाटतो. स्कॅनर त्यापुढे काही सांगू शकत नाही. बॅटरी उघडावी लागते.

[रबरी हातमोजे. मामा मोज्यात हवा कोंडून तो गुंडाळतात.]

हे दृश्य आम्ही मुद्दाम कापलं नाही. मोज्याला सुईएवढं भोक असलं तरी हवा सुटते, आणि असा मोजा घालायचा नाही. आधी बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग सर्व्हिस प्लग ओढला. प्लग निघाला की मॉड्यूलची साखळी मधूनच तुटते. तो प्लग मामांनी खिशात घातला, म्हणजे दुसरं कुणी चुकून परत लावणार नाही. त्यानंतर दहा मिनिटं काहीच करायचं नाही. इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला हा वेळ लागतो. मग मीटर लावून शून्य वाचायचं, आणि त्यानंतरच केशरी वायरला, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या वायरला हात. मॉड्यूलमध्ये वीज तेव्हाही असतेच, त्यामुळे मोजे शेवटपर्यंत हातात राहतात. हे काम बघून घरी करून पाहायचं नाही. शिकून करायचं आहे.

[मागची सीट निघते. पंख्याची जाळी.]

बॅटरी थंड ठेवणारा पंखा गाडीच्या आतलीच हवा ओढतो. मालकांचा टॉवेलचा कारखाना आहे. जाळीवर पिंज बसली आहे, बोटभर जाड.

[झाकण उघडतं. हिरवा रंग. कॅमेरा स्थिर.]

सहाव्या आणि सातव्या ब्लॉकच्या मधला हा नट. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. इथेही तांबंच कळकलं आहे. मोजणाऱ्या तारेचं टोक याच नटाखाली दाबलेलं आहे, आणि मध्ये हिरवा थर.

मामा मीटर थेट मॉड्यूलच्या टोकांना लावतात. सहावा ब्लॉक 15.8. सातवाही 15.8. मग तार कपलरपासून सोडवून तिचा रोध मोजतात. चांगल्या तारेत तो एक ओहमच्याही आत असतो. या तारेचा आकडा मीटरवर ठरतच नाही, टोक जरा हलवलं की उडी मारतो.

दोन्ही ब्लॉक धडधाकट होते.

[पट्ट्या निघतात. नव्या पट्ट्या, चंदेरी.]

नव्या पट्ट्यांवर निकेलचा मुलामा आहे. मुलाने विचारलं, हा कशाला? मामा म्हणाले, “कल्हई रे.” तारांचा जुडगाही नवा घातला. प्रत्येक नट टॉर्क पान्याने, ठरलेल्या जोरानेच आवळला. जास्त आवळला तर मॉड्यूलच्या टोकाचा आटा जातो, कमी आवळला तर जोड गरम होतो.

झाकण लावण्याआधी त्यांनी करंट सेन्सरही बघितला. हा सेन्सर केबलभोवती बसलेला असतो आणि चुंबकीय क्षेत्रावरून करंट ओळखतो. त्याला पाच व्होल्ट मिळतात. करंट शून्य असेल तेव्हा तो मधोमध, म्हणजे अडीच व्होल्ट परत देतो. वीज भरली जाते तेव्हा आकडा एका बाजूला सरकतो, उपसली जाते तेव्हा दुसऱ्या बाजूला. बॅटरी किती भरली आहे हे गाडी मुख्यतः याच जमाखर्चावरून ठरवते. गाडी नुसती उभी असताना सेन्सर दोन-तीन अँपिअर दाखवत राहिला, तर दुकानदाराने रोज न घेतलेला माल उधारीच्या वहीत लिहावा तसं होतं. महिनाअखेरीला हिशोब कुठल्या कुठे जातो. इथे मीटरने अडीच दाखवले.

[स्क्रीन. चौदा आकडे. मुलगा मोठ्याने वाचतो आहे.]

“पाच, पंधरा आठ. सहा, पंधरा आठ. सात, पंधरा आठ.”

बॅटरी बदलावी लागली नाही, गाडी त्याच संध्याकाळी घरी गेली.

हा मुलगा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन झाला. व्होल्टेज, रोध, जमिनीशी गळती, हे सगळं तो तिथेच शिकला आहे. त्याला अनोळखी होती ती फक्त ही केशरी वायर आणि तिच्याशी वागायची शिस्त. ती त्याला या गॅरेजात, या माणसाच्या शेजारी उभं राहून मिळाली. असे शेजार शहरात वाढले पाहिजेत, असं आम्हाला मनापासून वाटतं. मागांच्या मोटरींवर वाढलेले हात सोलापुरात कमी नाहीत.

[दुसरी गाडी आत येते. दुपार.]

या गाडीचा कोड बॅटरीच्या तापमान सेन्सरचा आहे. मे महिना, बाहेर पारा चाळीसच्या वर, आणि स्क्रीनवर बॅटरीचं तापमान उणे चाळीस. हा सेन्सर म्हणजे एक छोटा थर्मिस्टर. गरम होईल तसा त्याचा रोध कमी होतो, थंड होईल तसा वाढतो. तार कुठे तुटली, की रोध अमर्याद होतो आणि गाडीला वाटतं बर्फ पडला आहे. दोन तारा एकमेकींना चिकटल्या असत्या, तर हाच आकडा उलट भट्टीसारखा दिसला असता.

“तुटलीय कुठंतरी,” मुलगा म्हणतो. “उंदीर असेल.”

“असेल नको. बघ.”

सर्व्हिस प्लग मामांच्या खिशात गेला आहे. मुलगा मोज्यात हवा भरून बघतो आहे.